काळोख्या खोलीतले दिग्दर्शक

नागपूर–भंडारा रस्त्यावरच्या मौद्यात लग्न जुळले की मंडप, बँड आणि स्वयंपाकी यांच्याबरोबरच 'फोटोवाला' ठरवला जातो. हा फोटोवाला फोटो काढतो आणि 'शूटिंग'ही करतो. नवरदेव घोड्यावर चढताना तो एका हाताने स्थिर चित्र टिपतो, दुसऱ्या कॅमेऱ्याकडे मधूनच डोळा ठेवतो, आणि वरातीतल्या मुलांना उजेडाच्या आड येऊ नका म्हणून दटावतो. छायाचित्रकार वेगळा आणि चित्रपट करणारा वेगळा, असा भेद गावात कोणी करत नाही. असा भेद आपल्या चित्रपटविषयक लेखनाने मात्र पक्का करून टाकला आहे. दिग्दर्शकावर लिहायचे म्हणजे त्याने कोणती कथा निवडली, कोणते नट आणले, कोणता सामाजिक प्रश्न हाताळला हे लिहायचे. छायाचित्रकाराचा विषय निघाला की तंत्राची दोन वाक्ये, फार तर लेन्सचे नाव.

मराठी चित्रपटाच्या पहिल्या पाव शतकाला ही वाटणी लागू पडत नाही. त्या काळात जे दिग्दर्शक झाले ते आधी छायाचित्रकार, छपाईवाले किंवा पडदे रंगवणारे होते. त्यांच्या चित्रपटांकडे कथेच्या बाजूने पाहिले तर पुराणातल्या गोष्टी दिसतात. कामाच्या पद्धतीच्या बाजूने पाहिले की त्या गोष्टींमागची काळोखी खोली दिसते, आणि त्या खोलीत कोण कोण उभे होते तेही दिसू लागते. या लेखात ही दुसरी वाट धरली आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. ल्युमिएर कुटुंबाचा मूळ धंदा ल्योन शहरात छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा, म्हणजे खेळ दाखवणारे छायाचित्रणाच्याच पेठेतले. पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा होते, आणि तेही मुंबईतले छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर दोन पहिलवानांची कुस्ती मुद्दाम लावून ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली.

यातली दोन कामे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले, कुस्ती 'लावणे'. स्टुडिओत गिऱ्हाईक खुर्चीवर बसवून मान किंचित कलती करायला सांगण्याची जी सवय, तीच इथे मैदानावर आली. घडणारी गोष्ट टिपण्याआधी ती आपल्या उजेडात घडवून आणणे ही दिग्दर्शनाचीच पहिली पायरी म्हणता येईल. दुसरे, धुलाई लंडनला. चित्र कसे आले हे कळायला काही महिने थांबायचे, तोवर कुस्ती संपलेली, पहिलवान घरी गेलेले. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचे स्वागतही सावेदादांनी चित्रित केले. तिथे तर पुन्हा घडवून आणण्याची सोयच नव्हती. काळोखी खोली आपल्या हाताखाली नसली की कॅमेरेवाला आंधळेपणाने काम करतो. ही अडचण सोडवली ती धुंडिराज गोविंद फाळक्यांनी, आणि मला तरी त्यांचे मोठेपण पौराणिक कथा निवडण्यात आहे त्याहून अधिक इथे आहे असे वाटते.

फाळक्यांचे आयुष्य पाहिले तर चाळिशीपर्यंतचा माणूस चित्रपटासाठीच घडत होता असे वाटावे, इतके ते एका रेषेत आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथे प्रा. गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची खोली वापरू दिली. मग रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या. गोध्र्याला फोटो स्टुडिओ. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. बडोद्यात पुन्हा छायाचित्रणाचा धंदा मांडला, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो या लोकांच्या समजुतीने तो बसला. १९०३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी. ती वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. छपाईची यंत्रे आणायला १९०९ मध्ये जर्मनीची वारी. मधल्या काळात एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीही शिकून झाली होती.

पुरातत्त्व खात्यातल्या नोकरीचा उल्लेख चरित्रांत एका ओळीत उरकला जातो, पण ती शाळाच होती. देवळाचे शिल्प टिपायचे तर मूर्ती हलत नाही, हलतो तो सूर्य. सकाळी डाव्या गालावर आलेली सावली दुपारी नाहीशी होते आणि दगड सपाट दिसतो. रामटेकच्या गडावरच्या देवळांत थोडा वेळ थांबून पाहिले तरी हे कळते. पहाटेचा खांब आणि बाराचा खांब एकच वाटत नाहीत. अशा कामात माणूस उजेडासाठी थांबायला आणि तो डोळ्याने मापायला शिकतो. विजेवर चालणारे प्रकाशमापक बाजारात आले ते १९३० नंतर. फाळक्यांच्या काळात माप म्हणजे डोळा, अनुभव आणि फार तर फिल्मचा एक तुकडा कापून धुऊन पाहणे.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. गिरगावच्या तंबूत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला, झपाटले गेले, रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि यंत्रांशी खेळून काही काळ दृष्टीच गेली, उपचारांनी ती परत आली. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे ज्यांच्या स्टुडिओत त्यांना काम पाहायला मिळाले ते सेसिल हेपवर्थ स्वतः छायाचित्रणातून आलेले. चलच्चित्रणाची प्राथमिक माहिती देणारे पुस्तक त्यांनी १८९७ मध्येच लिहिले होते. फाळक्यांनी विकत घेतलेला कॅमेरा विल्यमसन बनावटीचा. हे जेम्स विल्यमसन मूळचे औषधविक्रेते, मग छायाचित्रकार, मग चित्रपटकर्ते आणि अखेरीस यंत्रे बनवणारे. त्या पिढीत सगळीकडे असेच होते. रसायने हाताळणारी माणसे गोष्टी सांगू लागली होती.

परतल्यावर पैसे उभे करण्यासाठी फाळक्यांनी एक नमुना तयार केला: कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दाखवणारी छोटी फिल्म. या फिल्मविषयी एक वाक्य पुस्तकांतून पुस्तकांत फिरत आले आहे. रोज एक चित्र, असे महिनाभर, आणि त्यातून झाली मिनिटाहून थोडी मोठी फिल्म. हे गणित जमत नाही. मूकपटाचा नेहमीचा वेग सेकंदाला १६ चित्रांचा धरला तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. रोज एक या हिशेबाने महिन्याची ३० चित्रे होतात आणि पडद्यावर ती दोन सेकंदही पुरत नाहीत. मिनिटभराची फिल्म खरी असेल तर महिनाभर दररोज तीसएक चित्रे घेतली असली पाहिजेत.

हा हिशेब दंतकथेला टाचणी लावण्यासाठी मांडलेला नाही. 'रोज एक चित्र' म्हटले की एक हौशी माणूस सकाळी चहा घेताना कॅमेऱ्याचे हँडल फिरवून कामाला निघून जातो असे डोळ्यांपुढे येते. तीस चित्रे म्हटली की सारा दिवस त्या कुंडीपाशी जातो. शिवाय दर चित्राच्या वेळी उजेड सारखा हवा. नाहीतर पडद्यावर रोप वाढताना दिसण्याऐवजी उजेडच लुकलुकताना दिसेल. कॅमेरा केसभर हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये, घरातल्या मुलांचा धक्का लागता कामा नये. वाटाण्याच्या कोंबाने सावकारापुढे सिद्ध केले ते एवढेच, की या माणसाला उजेड आणि वेळ दोन्ही मुठीत ठेवता येतात. कर्ज त्यावर मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिने तरीही गेलेच.

आता 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. लांबी ३७०० फूट, तयार व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे मावतात, म्हणजे ३७०० फुटांत ५९,२०० चित्रे. त्या काळी कच्ची फिल्म कडेची भोके न पाडता मिळे आणि ती भोके घरी, अंधारात, वेगळ्या यंत्राने पाडावी लागत. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ भोके. ५९,२०० गुणिले ८ म्हणजे ४,७३,६००. हा झाला पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या एका प्रतीचा हिशेब. निगेटिव्हची भोके वेगळी, पॉझिटिव्हची वेगळी, आणि वाया गेलेल्या फिल्मची त्याहून वेगळी. यंत्र एका दाबात अनेक भोके पाडत असले तरी फिल्म अंधारात चाचपून सरळ सरकवायला माणूस लागतोच. एका ठिकाणी भोक सरकले की पडद्यावर हरिश्चंद्राचे डोके उडी मारणार.

हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्याचे, रसायने मिसळण्याचे काम त्यांनी शिकून घेतले होते. दिवसा उन्हात चित्रण चालू असताना पांढऱ्या चादरी ताणून धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवायचा, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, आणि रात्री मुले निजल्यावर काळोख्या खोलीत जायचे. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाने हे घर प्रेमाने दाखवले आहे, खेळकरपणे दाखवले आहे. पण त्यातल्या खेळकरपणामुळे श्रमांचे वजन थोडे हलके होते, असे माझे मत आहे. साडेचार लाख भोके खेळता खेळता पडत नाहीत.

आपण 'फाळक्यांची पद्धत' म्हणतो तेव्हा तिच्यात ही काळोखी खोली धरतो की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सावेदादांची धुलाई लंडनला होती म्हणून त्यांना आपले काम महिनोन्महिने दिसत नव्हते. फाळक्यांची धुलाई घरात होती. आज घेतलेले चित्र बिघडले तर ते लगेच कळे, आणि नेपथ्य व नट हजर असताना ते पुन्हा घेता येई. चुकीपासून लगोलग शिकण्याची ही सोय हेच त्यांच्या दिग्दर्शनाचे बळ होते, आणि ती सोय एका बाईच्या हातांवर उभी होती. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. त्यांनाही फाळक्यांनीच तयार केले. सालुंके नावाचा उपाहारगृहातला आचारी तारामती झाला ही गोष्ट शाळकरी मुलालाही माहीत असते. ती मजेची आहे म्हणून राहिली. धुलाईची गोष्ट मजेची नाही.

पद्धत कळली की चित्रही वेगळे दिसू लागते. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल शालू पडद्यावर काळा, कुंकू काळे, निळे आकाश पांढरेफटक. सावळा चेहरा असल्यापेक्षा काळा येई म्हणून नटांना फिक्या रंगाचे जाड थर फासावे लागत. मूकपटांतले चेहरे भुतासारखे का दिसतात, असे तरुण प्रेक्षक विचारतात. त्याचे उत्तर अभिरुचीत शोधण्याआधी फिल्मच्या रसायनात शोधावे. याच उणिवेचा दुसरा फायदा असा, की लाल दिव्याच्या मंद उजेडात ही फिल्म न बिघडता हाताळता येई. म्हणजे तारामतीच्या शालूचा रंग पडद्यावरून पुसणारे जे कारण, त्याच कारणाने सरस्वतीबाईंना काम करताना स्वतःचे हात दिसत होते.

उजेड सगळा सूर्याचा. राजवाड्याचे नेपथ्यही उघड्यावर उभे, वर छत नाही. आज मौद्याच्या वेशीवर २३२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे आणि आपल्या लग्नांत दिव्यांची लखलख रात्रीचा दिवस करते. तेव्हाचा स्टुडिओ मात्र ढग आला की बंद. पावसाळ्याचे महिने फुकट. चित्रण सलग दिवसांत का होत नसे, पात्रे कॅमेऱ्याकडे तोंड करून एका ओळीत का उभी राहत, याची कारणे नाटकाच्या प्रभावात शोधली जातात आणि ती काही अंशी बरोबरही आहेत. पण सूर्य एकाच बाजूला असताना प्रत्येक चेहऱ्यावर उजेड पाडायचा तर माणसे ओळीतच उभी करावी लागतात, हेही कारण आहेच.

फाळक्यांमधला स्टुडिओवाला सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो 'कालिया मर्दन' (१९१९) च्या आरंभी. कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी गोष्ट सुरू होण्यापूर्वीच जवळून समोर येते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते. राग, हसू, रुसवा. मग तिच्या जागी वेशभूषेतला कृष्ण उमटतो. कथेला याची काहीच गरज नाही. हा फोटो स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाचा चेहराच आहे; फरक एवढाच, की तो आता हलतो. प्रेक्षकाला फाळके आधी माणूस दाखवतात आणि मग त्याचा देव कसा होतो ते दाखवतात. आपले कसब लपवण्यात त्यांना रस नव्हता. 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची छोटी फिल्मही त्यांनी १९१७ मध्ये काढली होती, आणि 'नवयुग' मासिकात त्याच सुमारास आपल्या धडपडीवर लेखमाला लिहिली. अभ्यासकाला इतका मोकळा माणूस क्वचित भेटतो.

कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींची, म्हणजे बाबूराव पेंटरांची, वाट थोडी निराळी. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. कॅमेरा विकत आणण्याऐवजी तो घडवायचाच, असा दोघांनी ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला. त्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' झाला. टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारने तो कापायला लावला. पडदे रंगवणाऱ्याच्या चित्रपटात खरेपणा यावा ही गंमत वाटते, पण आयुष्यभर सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करणाऱ्याला सपाटपणा नेमका कुठे पकडला जातो हे इतरांपेक्षा अधिक कळते. बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्याऐवजी उभे, घन नेपथ्य वापरले, आणि दृश्याची व वेशभूषेची रेखाटने आधी स्वतः काढली. 'सावकारी पाश' (१९२५) मधल्या शेतकऱ्याच्या अंधाऱ्या झोपडीची आठवण पाहणाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे सांगितली. फाळक्यांचा उजेड सगळे दाखवणारा होता; बाबूरावांनी अंधारही कामाला लावला.

त्यांच्या हाताखालची मंडळी, दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, १९२९ मध्ये बाहेर पडली आणि 'प्रभात' निघाली. त्या कंपनीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, इथे एकच नोंद. १९३३ मध्ये शांतारामबापू जर्मनीत होते, आणि १९३४ च्या 'अमृतमंथन' मध्ये राजगुरूचा एकच डोळा दूरच्या लेन्सने पडदाभर आला. त्यावर जर्मन चित्रपटांचा प्रभाव सांगितला जातो, तो असेल. पण त्या कंपनीत दिग्दर्शक, नेपथ्यकार, ध्वनी सांभाळणारे आणि कॅमेरेवाले एकाच कोल्हापुरी कारखान्यात तयार झालेले होते, एकमेकांची कामे जाणत होते. शांतारामबापूंना डोळा हवा होता. तो मिळवून देण्याची भाषा बोलणारी माणसे शेजारी होती.

आज हे सगळे पाहायचे तर फार थोडे उरले आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत टिकलेले तीसेकच. ती फिल्म नायट्रेटची. आपोआप कुजणारी, पेट घेणारी. काहींचे तुकडे तर चांदी काढून घेण्यासाठी विकले गेले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबाकडून व इतरत्र हिंडून जे मिळेल ते जमवले. 'राजा हरिश्चंद्र'ची दोन रिळे आज आपण पाहतो. ती १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्याच नायट्रेट साठ्याला आग लागून जुन्या रिळांचा मोठा भाग गेला. कथा गेली तर ती पुराणांत तरी सापडते. छायाचित्रकाराच्या हाताची खूण फक्त त्या फिल्मवर असते.

१९६९ पासून केंद्र सरकार दादासाहेब फाळके यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार देते. नट, नट्या, दिग्दर्शक, निर्माते, गायक, संगीतकार यांना तो मिळत गेला. केवळ छायालेखक म्हणून काम केलेल्या माणसाला तो पहिल्यांदा मिळाला २००८ सालचा, गुरुदत्तांचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांना. 'कागज के फूल' (१९५९) मध्ये अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा तो प्रसिद्ध झोत मूर्तींनी विजेच्या दिव्यांनी केला नव्हता. बाहेरचे ऊन एका आरशावर घेतले होते, आणि त्यावरून दुसऱ्या आरशाने आत सोडले होते.